शेकवाले डॉक्टर

सर, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. परिषदेच्या कार्यालयातून चार वेळा फोन आला. तुमच्यावर विशेषांक काढतायत, त्यात माझी दोन पानं हवी आहेत. फोनवरच्या मुलीनं नीट समजावलं, की जन्म, शिक्षण, पदं, मानसन्मान हे सगळं त्यांच्याकडे आहे, मी फक्त गोड आठवणी लिहायच्या. मी हो म्हटलं. तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. हा चौथा. हा त्यांना पाठवणार नाही, कारण हा तुम्हाला लिहिते आहे, आणि गोड यात थोडंच आहे.

सहा वर्षं मी तुमच्यावर रागावून काढली. माणूस हयात असेपर्यंत रागाचं ओझं वाटत नाही. आज ना उद्या तो समोर येईल, काहीतरी बोलेल, आपणही बोलू, असं मनात कुठेतरी असतं. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या आरोग्य केंद्रात आलात तेव्हा तुमच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात कशेळ्याच्या बाजारातून आणलेली, साफ केलेली कोंबडी. मला वाटलं, डॉक्टर जेवूनच जाणार आहेत. तुम्ही कोंबडी ट्रेमध्ये ठेवलीत. पेटीतून केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र काढलंत, त्याचं तापलेलं टोक मांसाला टेकवलंत आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजलेत. टोक उचललं तेव्हा तिथे नाण्याएवढा पांढरा गोल उमटला होता. तुम्ही मला म्हणालात, बाईच्या अंगात असतं तर एवढंच जळालं असतं, खालचं सगळं शाबूत राहिलं असतं. आमचे शिपाई रामभाऊ दारात उभे होते. त्यांनी विचारलं, आता ही चुलीवर ठेवू का. तुम्ही मनापासून हसलात. दुपारी आपण सगळ्यांनी तिचा रस्सा खाल्ला.

जेवता जेवता तुम्ही सांगितलंत, की गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर एका दिवसात होत नाही. आधी बरीच वर्षं तिथल्या आवरणात बदल होत राहतो. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावलं की तो भाग पांढरा दिसतो. तेवढाच भाग गरम टोकानं जाळला, तर पुढचा आजार टळतो. टाके नाहीत, भूल नाही, दवाखान्यात राहणं नाही. अर्ध्या मिनिटाचा शेक.

माझा घास हातात राहिला होता. तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, की माझी आई ह्याच आजारानं गेली. खालापूरकडच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत. शेवटी शेवटी वास झाकायला दिवसभर उदबत्त्या लावाव्या लागायच्या. भावजय त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जेवण आणून ठेवायची आणि वळायची. आईला हे कळायचं. ती काही बोलायची नाही, फक्त ताट माझ्याकडून घ्यायची. नर्सिंगला जायचं मी त्या खोलीत ठरवलं. आणि इतक्या वर्षांनी एक माणूस रस्सा ओरपत सांगत होता, की अर्ध्या मिनिटात हे टळतं. नोकरीचा भाग म्हणून मी तुमच्यामागून आले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नव्हतं.

तुमच्याकडून मी जे शिकले त्याचं मोल मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. तपासणीचं लोखंडी साधन तुम्ही आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचात. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. थंड लोखंडानं बाई अंग चोरते, मग तिला दुखतं, मग ती बाकीच्या बायकांना सांगते आणि पुढच्या वाडीत कुणी येत नाही, असा तुमचा हिशेब होता. तुम्ही खालापूरच्या भातशेतीतले. परिषदेत तुमची भाषा इस्त्रीची असायची, पण बायकांशी बोलताना तुम्ही घरचं बोलायचात. "घाबरू नको गं, चाय गार व्हायच्या आदी तुजं काम झालेलं असंल." बाई पदराआड हसायची आणि तिचं अंग सैल पडायचं. यंत्राचा ताप बरोबर आहे की नाही हे बघायला तुम्ही ते मोहोपाड्याला न्यायचात, कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककडे. तो त्याच्याकडच्या तापमापकावर तपासून द्यायचा. इतकी काळजी घेणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग एका वाडीवर तुम्ही यंत्र माझ्या हातात दिलंत. मी तुमच्यासारखेच ओठांतल्या ओठांत आकडे मोजले. बाई उठून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "सुनंदा, तुजा हात माज्यापेक्षा स्थिर हाय. आता तूच कर." घरी जाऊन मी हे आईच्या फोटोला सांगितलं.

वाड्यावाड्यांत तुमचं नाव पडलं शेकवाले डॉक्टर. तुम्हाला ते आवडायचं. परिषदेला मात्र ते सांगायचात नाही.

परिषद. उष्णतेनं रोग बरे करण्याच्या शास्त्रासाठी एकत्र आलेल्या विद्वानांची ती सभा. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांतले लोक. कुणी लहरींनी गाठ तापवून किरणोपचाराचा जोर वाढवायचा, कुणी सुईच्या टोकानं यकृतातली गाठ जाळायचा. पहिल्या वर्षी मी तुमच्याबरोबर आले तेव्हा तुमचं बोलणं जेवणाच्या आधी, सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. अर्धा हॉल रिकामा झाला होता. एका गृहस्थांनी मागे वळून विचारलं, हे कुठले, आणि दुसरे म्हणाले, कर्जतचे कुणी आहेत, त्यांच्याकडे हातातलं छोटं यंत्र आहे. तुम्ही ते ऐकलंत. तुमची मान खाली गेलेली मी पाहिली. परत येताना गाडीत चौक गाव येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत.

त्या दिवसापासून तुम्ही बदललात असं मी म्हणणार नाही. माणूस असा एका दिवसात बदलत नाही. पण त्यानंतर तुमच्या तोंडात आकडे जास्त आले. ह्या महिन्यात किती बायका तपासल्या, किती जणींना शेक दिला, किती बऱ्या झाल्या. तुम्ही परिषदेचे सचिव झालात तेव्हा आरोग्य केंद्रात पेढे वाटलेत, आणि वार्षिक अधिवेशन खालापुरात, महामार्गाजवळच्या त्या मोठ्या हॉटेलात भरवायचं ठरवलंत. आपल्या मातीत, असं म्हणालात. मला अभिमान वाटला होता, सर. तो खोटा नव्हता.

अधिवेशनाला आठ दिवस उरले असताना हिरा आली.

तुम्हाला ती माहीत आहे, पण आपल्या कुठल्याच कागदावर ती नीट आलेली नाही, म्हणून लिहिते. कशेळ्याच्या वर डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी आहे, तिथली. तिशी ओलांडलेली, उभट चेहऱ्याची, तीन मुलांची आई. सकाळी निघून चालत खाली आली होती. येताना करवंदं आणली होती पानाच्या द्रोणात, ती तिनं टेबलावर ठेवली, तुमच्यासाठी. तपासणीच्या टेबलावर चढताना मला म्हणाली, बाय, घरी पोरगी एकली हाय, लवकर सोड.

औषध लावलं. पांढरा डाग उमटला. मी दिवा जवळ नेला, मान वाकवून पाहिलं, परत पाहिलं. डाग आत जात होता. कुठे संपतो ते दिसत नव्हतं. तुम्हीच शिकवलं होतंत, की कड पूर्ण दिसली तरच शेक द्यायचा. कड आत गेली असेल तर आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, मग वरून जाळण्यात अर्थ नाही, तुकडा काढून तपासायला पाठवायचं.

मी बाहेर येऊन तुम्हाला हळूच सांगितलं, "सर, कड दिसत नाही. हिला कर्जतला नेऊ."

तुम्ही आत आलात, वाकून पाहिलंत. पटकन पाहिलंत. बाहेर अजून नऊ-दहा जणी बसल्या होत्या. म्हणालात, "दिसते. कर."

मी तशीच उभी राहिले. तेव्हा तुम्ही मला खिडकीपाशी नेऊन जे बोललात, ते मी गेल्या सहा वर्षांत किती वेळा मनात घोळवलं असेल. तुम्ही म्हणालात, "ही बाई कर्जतला येणार नाही, सुनंदा. पोरं टाकून, दिवस मोडून, तुकड्यासाठी एकदा, निकालासाठी दुसऱ्यांदा? नाही येणार. आज इथे जे मिळेल तेवढंच तिला मिळेल. काहीच न देण्यापेक्षा हे बरं."

ह्यात खरं होतं. तेच तर वाईट आहे. निव्वळ खोटं असतं तर मी नाही म्हटलं असतं, निदान मला तसं वाटतं. पण मी अशा कितीतरी बायका पाहिल्या होत्या ज्यांना चिठ्ठी देऊन कर्जतला पाठवलं आणि त्या कधी पोचल्या नाहीत. आणि तुमच्या बोलण्यात आठ दिवसांवर आलेलं अधिवेशनही होतं, हे मला ऐकू येत होतं. मी यंत्र उचललं. हात स्थिर होता. हिरानं दात आवळले, मग म्हणाली, झालं का, आणि हसली. जाताना आपण सगळ्या बायकांचा अंगणात फोटो काढला. ती पुढच्या रांगेत बसली.

शेक मी दिला. हे मी कुणावर ढकलत नाही. कर म्हणणारे तुम्ही होतात आणि करणारी मी.

वर्षानं तिची फेरतपासणी व्हायला हवी होती. मी तुमच्याकडे जीप मागितली. त्या आठवड्यात जीप परिषदेच्या पाहुण्यांना आपलं काम दाखवायला गुंतली होती. पुढच्या आठवड्यात तुम्ही बाहेरगावी. मग पाऊस, ओढे भरले. मीही मग पाठ धरली नाही. शेअर जीपनं कशेळ्यापर्यंत जाऊन तिथून चालत जाता आलं असतं मला. गेले नाही. काही दिवसांनी तिचा कागद माझ्या हाती आला, तर त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं: फेरतपासणी समाधानकारक. मी विचारलं, कधी झाली. तुम्ही सांगितलंत, वाडीतला एक जण भेटला होता, तो म्हणाला बाई रानात कामाला जाते, बरी आहे.

मी म्हटलं, सर, ही तपासणी नाही. तुम्ही चष्मा काढून डोळे चोळलेत आणि म्हणालात, मला ठाऊक आहे. पण कागद बदलला नाहीत.

पाऊस ओसरता ओसरता हिराला खाली आणलं ते झोळीतून. अंगावरून जात होतं ते थांबत नव्हतं. मी दार उघडलं आणि वासानं मला कळलं. तुम्हालाही कळलं असणार. तुम्ही तिला स्वतःच्या गाडीत घालून मुंबईला नेलंत, तिथे ओळखी काढल्यात, दोन दिवस तिथेच राहिलात, हे सगळं मी मानते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता फार पुढे गेलं आहे. हिरा वाडीवर परतली आणि भात कापणीला यायच्या आधी गेली.

ती असताना मी दोनदा वाडीवर जाऊन आले. दुसऱ्या खेपेला तिची मुलगी वनिता, असेल चौदा-पंधरा वर्षांची, दारात उभी होती. तिच्या मागून घरातून उदबत्तीचा वास आला. मी आत गेले नाही. औषधं तिच्या हातात दिली आणि वळले. माझ्या भावजयीसारखी.

आणि मग ते अधिवेशन. दुसरं, खालापुरातलंच. तुम्ही आता अध्यक्ष होतात. हॉल भरलेला. तुमचं भाषण सगळ्यात आधी. मी तिसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून, कारण माझा सत्कार होता. तुम्ही पडद्यावर बायकांचा फोटो दाखवलात. पुढच्या रांगेत हिरा, हसरी. तुम्ही म्हणालात, ह्यांपैकी एकीचाही आजार पुढे गेलेला नाही.

टाळ्या वाजल्या, सर. मला वाटलं तुम्ही थांबाल. फोटो जात नव्हता, प्रोजेक्टर अडकला होता बहुतेक, आणि ती तिथे तेवढा वेळ होती, भिंतीएवढी. तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतात. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, व्यासपीठावर गेले, शाल घेतली, नारळ घेतला. तुम्ही कानाशी म्हणालात, हे तुझंच आहे. मी खाली उतरले. तोंडातून एक शब्द काढला नाही.

भांडण झालं ते बाहेर, गाड्या लावायच्या जागी. माझी शाल अजून खांद्यावर होती. मी तुम्हाला विचारलं, हिरा कुठे गेली तुमच्या भाषणात. तुम्ही आजूबाजूला पाहिलंत. मग हळू आवाजात म्हणालात, "हिराचं सांगितलं तर उद्या शेक बंद होईल. आत बसलेल्यांना निमित्तच हवं आहे. नर्सच्या हातात यंत्र द्यायला त्यांचा आधीपासून विरोध आहे. पहिला ठपका तुझ्यावर येईल. आणि बाकीच्या बायकांचं काय?"

मी म्हटलं, "माझं नाव पुढे करू नका. मला वाचवायला तुम्ही खोटं बोललात असं मला ऐकायचं नाही."

तुम्ही म्हणालात, "तू रागात आहेस. घरी जा."

मी घरी गेले ती परत आले नाही. बदली मागून घेतली, लसीकरणाच्या कामावर. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, मी उत्तर दिलं नाही. शेक चालूच राहिला. तुम्ही इतर नर्सना शिकवलंत, कितीतरी जणींना त्याचा उपयोग झाला असेल, झालाच आहे, मला भेटतात त्या बाजारात. सर कसे आहेत, विचारतात. मी म्हणते, बरे आहेत.

आणि लपवाछपवीत मीही होते, हे इथे लिहिलं नाही तर हा कागदसुद्धा खोटा ठरेल. मला परिषदेला पत्र लिहिता आलं असतं. सहा वर्षं होती. मी तुमच्यावर राग धरत बसले, कारण राग धरला की दुसरं काही करावं लागत नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या घरून वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, यांना तुम्हाला भेटायचंय, जास्त दिवस नाहीत. मी कर्जतला तुमच्या घरी आले. तुम्ही खिडकीजवळ खाटेवर होतात. हातापायांच्या काड्या झालेल्या. वहिनींनी चहा ठेवला आणि मुद्दामच बाहेर गेल्या. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. त्यासाठीच बोलावलं असणार.

तुम्ही परिषदेबद्दल बोलत राहिलात. पुढचं अधिवेशन कुठे आहे, यंत्रं आता किती हलकी झाली आहेत, नर्सना शिकवायला माणूस नाही, मी परत यावं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. एकदा तुम्ही थांबलात, श्वास घेतलात, आणि मी पुढे सरकले. तुम्ही म्हणालात, "तुजा हात अजून स्थिर हाय का गं?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले. हात स्थिर आहे. पण तुम्ही तिचं नाव घ्याल म्हणून मी थांबले होते आणि तुम्ही हात विचारलात. मी चहा तसाच ठेवून उठले. दारातून वळून पाहिलं नाही. तिचं नाव मीही घेऊ शकले असते. इतकं सोपं होतं. दोन अक्षरं.

अकरा दिवसांनी तुम्ही गेलात.

शोकसभा खालापुरातल्या त्याच हॉटेलात झाली. तुमचा हार घातलेला फोटो, गुळगुळीत कागदावरची पत्रिका, मोठमोठी माणसं. तुमच्यावर कोण काय बोललं ते लिहीत नाही, विशेषांकात येईलच. शेवटी माझं नाव पुकारलं. मी कोंबडीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. कोमट पाण्याची सांगितली, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. मग मी हिराची सांगितली. कड न दिसल्याची, कागदावरच्या अक्षराची, फोटोची. शेक कुणी दिला तेही सांगितलं. म्हटलं, सरांनी आम्हाला चांगली वस्तू दिली, आणि ती टिकवण्यासाठी आम्ही दोघं एका बाईला विसरलो असं दाखवत राहिलो. मला सर आवडायचे, म्हणून मी हे इथे सांगते आहे.

सूत्रसंचालकांनी माइक घेतला आणि म्हणाले, सिस्टर फारच भावनावश झाल्या आहेत, आपण त्यांचं दुःख समजू शकतो. मग दोन मिनिटं शांतता पाळली. चहाच्या वेळी नव्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सौम्यपणे सांगितलं, की आजचा दिवस ह्यासाठी नव्हता. कुठला असेल, मी विचारलं. त्यांनी बिस्किटाची बशी पुढे केली. दुसऱ्या दिवशी सभेचा वृत्तान्त आला, त्यात माझ्याबद्दल एक ओळ होती: सिस्टर सुनंदा यांनी हृद्य आठवणी सांगितल्या.

तुम्हाला हसू आलं असतं. तुम्हाला ही माणसं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तरी त्यांच्या टाळ्यांसाठी तुम्ही काय काय केलंत.

काल मी वाडीवर गेले. सहा वर्षांनी. शोकसभेत बोलले आणि जिच्याबद्दल बोलले तिच्या घरी तोंड दाखवलं नाही, हे मला टोचत होतं. वनिताचं लग्न झालं आहे, तिथेच वरच्या आळीला. कडेवर मूल. तिनं मला लगेच ओळखलं. बसायला हातरी टाकली, पाणी दिलं. बाप कामाला खाली गेला होता. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते. म्हटलं, वनिता, तुझ्या आईच्या बाबतीत आमची चूक झाली होती.

ती म्हणाली, "म्हाईत हाय. डाक्तरनी सांगितलेलं."

मला कळेना. मी विचारलं, कुणी सांगितलं.

"शेकवाल्या डाक्तरनी. आई गेली त्याच साली आला. इतंच बसला, बापासमोर. बोलला, माजी चुकी. नर्सबाईनं मला सांगितलेलं का करू नको म्हनून, मीच आयकलं नाय. तिला काय बोलू नका." मग म्हणाली, "दर साली यायचा. कापनीच्या आदी. चाय प्यायचा, बसायचा, जायचा. जास्त बोलायचा नाय."

कोंबडी अंगणात फिरत होती, मूल माझ्या पिशवीशी खेळत होतं.

तुम्ही इथपर्यंत येत होतात. मी नोकरीत जिथे बसायचे त्या खोलीवरूनच तुमची गाडी जात असणार. ह्या माणसांना तुम्ही सगळं सांगितलंत आणि मला नाही. माझी सुटका करून टाकलीत आणि ती मला कळवली नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही एवढं म्हणाला असतात, की सुनंदा, मी वाडीवर जाऊन आलो, तर मी चहा पिऊन उठले असते. तुम्ही मला हात विचारलात.

आणि खरं सांगू? मला ह्याचाही राग आला. हिराच्या नवऱ्यासमोर चूक कबूल करणं जड असेल, पण त्यात तुमचं काही जाणार नव्हतं. तो कुणाकडे तक्रार करणार होता? जिथे तुमचं काही जाणार होतं, त्या हॉलमध्ये तुम्ही तोंड उघडलं नाहीत.

मी वनिताला विचारलं, तू तपासून घेतलंस का कधी. तिनं मान हलवली. म्हणाली, वाडीतली एकपन बाई खाली जात नाय शेकाला. डाक्तरच बोलला ना का चुकी झाली. मग कोन जाईल.

म्हणजे गाड्या लावायच्या जागी तुम्ही जे म्हणाला होतात तेच झालं. खरं सांगितल्यावर बायका यायच्या थांबल्या. हे तुम्हाला दर वर्षी इथे बसून दिसत असणार. आपलं ते भांडण इथे येऊन मिटेल असं मला वाटलं होतं, तर तुमची बाजूही खरी निघाली आणि माझी खोटी ठरली नाही. आता ते कुणाशी भांडू?

मी तिला सांगितलं, की शेक नको, नुसतं बघू दे. मी स्वतः बघीन, आणि काही वाटलं तर कर्जतला तुझ्याबरोबर मी येईन, दोन्ही खेपांना. तुझ्या मुलाला मी सांभाळीन. ती विचार करते म्हणाली. मंगळवारी बाजाराला खाली यायची आहे, तेव्हा बघू म्हणाली. येईल की नाही, मला सांगता येत नाही.

मी उठले. ती पायवाटेपर्यंत सोडायला आली. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "औंदा डाक्तर आला नाय अजून. कापनी तर आली."

तिला कुणी कळवलं नव्हतं. परिषदेनं पत्रिका छापली, वर्तमानपत्रात फोटो आला, पण ते इथपर्यंत कोण आणणार. मी तिला सांगितलं, डॉक्टर गेले, पंधरा-सोळा दिवस झाले.

ती वाटेतच खाली बसली. मुलाला मांडीवर घेतलं, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. हिराची मुलगी, सर. तुमच्यासाठी रडत होती.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.